गाडी मी चालवीन, बाबा

ल्यों,
रविवार, सकाळ

तीर्थरूप बाबा आणि तीर्थरूप आई यांना शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर सांगण्याचा धीर होत नाही, कारण बाबा नुसते "बरं, बरं" म्हणतात आणि मला पुढचे बोलता येत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. जूनमधल्या तुमच्या प्रवासाचा बेत मी बदलला आहे, आणि तुम्हांला आधी न विचारता बदलला आहे. पैसेही भरून झाले आहेत. फ्रान्समध्ये दहा दिवस गाडीने फिरण्याऐवजी तुम्ही दोघे सात रात्री रोन नदीवरच्या जहाजाने ल्योंहून आर्लपर्यंत जाल. आर्लच्या धक्क्यावर मी गाडी घेऊन उभी असेन आणि तिथून पुढचे तीन दिवस आपण गाडीने फिरत ल्योंला परत येऊ. त्या तीन दिवसांत गाडी मी चालवीन.

बाबा, शेवटचे वाक्य तुम्हांला लागणार हे मला ठाऊक आहे. तुम्ही आरटीओच्या रांगेत उभे राहून आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणलात आणि त्याचा फोटो दादाकरवी पाठवलात, तेव्हाच मी बोलायला हवे होते. तो परवाना वर्षभर चालतो आणि कायद्याने तुम्हांला येथे गाडी चालवता येते, याबद्दल माझा काहीही वाद नाही. तुमच्या हातावर माझा आजही तेवढाच विश्वास आहे. कुंभार्ली घाटातून भर पावसात पद्मिनी गाडी उतरवताना दादा आणि मी मागच्या सीटवर एकमेकांच्या अंगावर झोपलेलो असायचो, आणि मध्येच जाग आली की समोरच्या आरशात तुमचे डोळे दिसायचे. ते दिसले की मी पुन्हा झोपत असे. ते डोळे रस्त्यावर आहेत म्हणजे सगळे ठीक आहे, एवढेच मला त्या वयात कळत होते.

माझ्या निर्णयाचे कारण वेगळे आहे आणि ते सांगण्यासाठी मला एक गोष्ट सांगावी लागेल, जी मी चार वर्षे तुमच्यापासून लपवली. येथे आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात मी एका खेड्याबाहेर पेट्रोल भरून निघाले. रस्ता पूर्ण मोकळा होता, दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळे होते, आणि मी सवयीने डाव्या बाजूला लागले. दोन-अडीचशे मीटर गेल्यावर समोरून ट्रॅक्टर आला आणि त्याने भोंगा वाजवला, तेव्हा माझ्या लक्षात आले. तेव्हा मी चौतीस वर्षांची होते, डोळ्यांवर चष्माही नव्हता. गर्दीच्या रस्त्यावर अशी चूक होत नाही, कारण पुढची गाडी वाट दाखवते. ती होते चहा पिऊन, पेट्रोल भरून किंवा पार्किंगमधून बाहेर पडताना, जेव्हा रस्ता रिकामा असतो आणि हातपाय आपल्या जुन्या सवयीने चालतात. तुमच्या हातापायांना ही सवय अठ्ठेचाळीस वर्षांची आहे. जितका चालक मुरलेला, तितकी ती सवय पक्की, आणि मला भीती आहे ती याच पक्केपणाची.

त्यातून येथे उजवीकडून येणाऱ्याला वाट देण्याचा नियम आहे. गावात चौकावर कोणतीही पाटी नसेल, तर उजव्या हाताच्या गल्लीतून येणारी गाडी, ती कितीही लहान गल्ली असली तरी, तुमच्या आधी जाते, आणि ती खरोखर न थांबता येते. पांढऱ्या काठाची पिवळी चौकोनी पाटी रस्त्यावर असेल तर हक्क तुमचा, आणि त्याच पाटीवर काळी तिरपी रेघ दिसली की तो हक्क संपला. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊन पाच महिनेच झाले असताना, अनोळखी भाषेतल्या पाट्या वाचत, उजवीकडे मान वळवत तुम्ही दिवसाला दोनशे किलोमीटर गाडी चालवावी, हे माझ्या मनाला पटत नाही.

आता एक विनंती. येथे चालकाची जागा डावीकडे असते, म्हणजे शेजारच्या माणसाची जागा उजवीकडे येते, जिथे आपल्याकडे चालक बसतो. त्या जागेवर तुम्ही बसायचे आहे. तुमचा उजवा पाय ब्रेक शोधेल, हेही मला माहीत आहे, आणि शोधू द्या. पण तिथे बसून मला तुमची खरी मदत हवी आहे. निळ्या पाट्या महामार्गाच्या, हिरव्या मोठ्या शहरांकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या आणि पांढऱ्या जवळच्या गावांच्या, एवढे लक्षात ठेवलेत की वाट तुम्ही सांगू शकाल. वेगमर्यादेवरही तुम्हीच लक्ष ठेवा: महामार्गावर ताशी १३० किलोमीटर, पाऊस असेल तर ११०, दुभाजक नसलेल्या बाहेरच्या रस्त्यांवर बहुतेक ठिकाणी ८०, गावात ५० आणि ल्यों शहरात बव्हंशी ३०. ठिकठिकाणी कॅमेरे आहेत आणि दंडाची चिठ्ठी घरी येते. मला वेगाने चालवायची सवय लागली आहे, असे दादा म्हणतो, तेव्हा तुम्ही शेजारी असलात तर बरेच होईल.

आई, आता तुझ्यासाठी. हरिहरेश्वरच्या लाँचमध्ये तू डोळे मिटून माझा हात किती घट्ट धरला होतास, ते मी विसरलेले नाही, म्हणून हे नीट वाच. हे जहाज समुद्रात जात नाही. रोन नदीवर काठ दोन्ही बाजूंना सतत दिसतो, लाटा नसतात, आणि चहाचा कप टेबलावर ठेवला तर तो हलत नाही. ल्योंहून आर्लपर्यंत नदी १२ ठिकाणी बंधाऱ्यांनी अडवलेली आहे आणि प्रत्येक ठिकाणी जहाज एका लांबट हौदात शिरते, मागचे दार बंद होते, पाणी हळूहळू सोडतात आणि जहाज खालच्या पातळीला उतरते. त्याला लॉक म्हणतात. बोलेन गावाजवळचा लॉक सर्वांत खोल, सुमारे २३ मीटर, म्हणजे सात मजली इमारतीच्या गच्चीवरून तळमजल्यावर आल्यासारखे. हौदाची रुंदी १२ मीटर आणि जहाजाची त्याहून जेमतेम अर्धा मीटर कमी, त्यामुळे खोलीच्या काचेपलीकडे एका वितीवर ओली, शेवाळलेली भिंत वर वर सरकताना दिसते. त्या वेळी हात बाहेर काढायचा नाही. रात्री लॉकमधून जाताना भिंतीला हलकासा धक्का लागल्याचा आवाज येईल, दिवे उजळतील. घाबरून बाबांना उठवू नकोस, ते रोजचेच आहे.

खोली मी मधल्या मजल्यावर घेतली आहे. सर्वांत खालच्या मजल्यावरच्या खोल्या स्वस्त असतात, पण त्यांच्या खिडक्या पाण्यालगत, लहान आणि न उघडणाऱ्या असतात, आणि मागच्या टोकाला इंजिनाची घरघर ऐकू येते. तुमची खोली लिफ्टपासून चौथी आहे. जमिनीपासून छतापर्यंतची सरकती काच आहे आणि तिच्यापुढे कठडा आहे, त्यामुळे सकाळी पलंगावर बसूनच तुला सूर्याला नमस्कार करता येईल. न्हाणीघरात टब नाही, उभ्याने आंघोळ करायची जागा आहे आणि भिंतीला दांडी आहे. दाराला मात्र छोटा उंबरा आहे, तिथे पाय जपून टाक. गच्चीवर लिफ्ट जात नाही, तेरा-चौदा पायऱ्या आहेत, आणि कमी उंचीच्या पुलांखालून जाताना गच्ची बंद ठेवतात. कधी कधी धक्क्यावर दोन जहाजे एकमेकांना लागून उभी राहतात आणि दुसऱ्या जहाजातून चालत काठावर जावे लागते, तेव्हा फळीचा कठडा दोन्ही हातांनी धरा, फोन पिशवीत ठेवा.

जहाज निवडण्याचे खरे कारण हेच की बॅग एकदाच उघडायची. गाडीने गेलो असतो तर दर दुसऱ्या दिवशी नवे हॉटेल, आणि येथील जुन्या गावांतल्या कितीतरी हॉटेलांना लिफ्ट नसते. बाबा, अँजिओप्लास्टीनंतर सामान उचलू नका असे डॉक्टरांनी सांगितले आहे आणि तुम्ही ते ऐकणार नाही, याची मला खात्री आहे.

आई, जेवणाचे मी जहाजाच्या कंपनीला लेखी कळवले आहे: मांस, मासे, अंडी काहीही नाही. तरी येथे मासे शाकाहारात धरणारे लोक भेटतात आणि भाज्यांच्या सूपमध्ये कोंबडीचे पाणी असू शकते, म्हणून फ्रेंचमध्ये लिहिलेले एक जाड कार्ड या पत्रासोबत पाठवीत आहे. ते पर्समध्ये ठेव आणि काठावर कुठे जेवलात तर आधी ते दाखव. साधे दही सगळीकडे मिळते आणि ते चांगले असते. दुपारचे जेवण साधारण बारा ते दोन याच वेळेत मिळते, त्यानंतर स्वयंपाकघरे संध्याकाळी सातपर्यंत बंद, म्हणून बाबांच्या साखरेसाठी पिशवीत राजगिऱ्याची वडी आणि चणे असलेच पाहिजेत.

पण साजूक तूप आणू नकोस. पेढे, बर्फी, खवा, दुधाचे काहीही भारतातून युरोपात सामानातून आणता येत नाही, आंबेही नाहीत आणि ताजा कढीपत्ताही नाही. विमानतळावर तपासणी झाली तर सगळे काढून टाकतात, आणि तू कढवलेले तूप कचऱ्याच्या डब्यात गेलेले मला सहन होणार नाही. मेतकूट, भाजणी, लसणाची चटणी, गोडा मसाला आण. गोडा मसाला थोडा जास्तच आण.

औषधांची सगळी पाकिटे हातातल्या बॅगेत ठेवा, मोठ्या बॅगेत एकही नको, आणि डॉक्टरांकडून प्रत्येक औषधाचे मूळ रासायनिक नाव लिहिलेली चिठ्ठी घ्या, कारण कंपनीचे नाव येथील दुकानदाराला कळत नाही. जूनमध्ये फ्रान्सचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. सकाळच्या गोळ्यांच्या वेळा कशा बदलायच्या, ते निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्या, अंदाजाने करू नका. व्हिसासाठी प्रत्येकी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच; मी त्याहून मोठ्या रकमेचा घेतला आहे आणि बाबांच्या हृदयाची माहिती त्यात स्पष्ट लिहिली आहे. तुम्ही माझ्याकडे राहणार असल्याचा दाखलाही येथील नगरपालिकेत ३० युरो भरून काढला आहे, तो कुरियरने येईल. नदीवरच्या जहाजावर बहुधा डॉक्टर नसतो, पण काठ जवळच असतो. गरज पडल्यास ११२ हा क्रमांक लावा किंवा जहाजाच्या स्वागतकक्षात सांगा, आणि त्यानंतर मला. मला आधी फोन करण्यात वेळ घालवू नका.

जूनमध्येही रोनच्या खोऱ्यात मिस्त्राल नावाचा उत्तरेचा गार, कोरडा वारा सुटतो आणि वाटेवरच्या आव्हिन्यों शहराच्या पुलावर टोपी टिकत नाही, म्हणून आईने जांभळी शाल आणि बाबांनी कानटोपी जवळ ठेवावी. तो पूल बाबांना आवडेल: २२ कमानींपैकी ४ उरल्या आहेत आणि पूल नदीच्या मध्यावर संपतो. आव्हिन्योंतल्या पोपच्या राजवाड्यात मात्र पायऱ्या फार आहेत. थकवा वाटला तर बाहेरच्या चौकात बसून राहा, सगळे पाहिलेच पाहिजे असे नाही. पों द्यु गार हा तीन मजली रोमन जलसेतू आपण तिघे मिळून पाहू. तो ४९ मीटर उंच आहे आणि पाणी नेण्यासाठी बांधलेला आहे, तेव्हा पाटबंधारे खात्यात आयुष्य काढलेल्या माणसाने तो सावकाश पाहावा यासाठी मी त्या दिवशी दुसरे काहीही ठेवलेले नाही.

आर्लहून ल्योंला परतताना अडीचशे किलोमीटरहून थोडे अधिक अंतर आहे. शनिवारी सुट्टीची गर्दी होते, म्हणून आपण मंगळवारी निघू आणि दर दीड तासाला थांबू. महामार्गावर थोड्या थोड्या अंतरावर झाडांखाली बाके आणि स्वच्छतागृहे असलेले थांबे आहेत, तिथे आईला पाठ मोकळी करता येईल.

जहाजावर मी तुमच्यासोबत नसेन, हे मला सतत टोचते आहे. रजा तीन दिवसांचीच मिळाली. बाबांच्या शस्त्रक्रियेच्या वेळी मी चौथ्या दिवशी पोहोचले, तोवर दादाने सगळे निभावले होते आणि आई, तू मला पाहून "जेवलीस का?" एवढेच विचारलेस. त्या प्रश्नाचे उत्तर मी अजून नीट देऊ शकलेले नाही. या प्रवासाने ते भरून निघेल असे मी म्हणत नाही. पण ल्योंमध्ये जहाज ज्या क्लोद बर्नार धक्क्याला लागते, तो माझ्या घरापासून चालत बारा मिनिटांवर आहे. पहिल्या संध्याकाळी मी तुम्हांला खोलीपर्यंत सोडीन, बॅगा उघडून कपडे कपाटात लावीन आणि जहाज सुटेपर्यंत काठावर उभी राहीन. त्या दिवसांत साडेनऊपर्यंत उजेड असतो, तुम्हांला मी बराच वेळ दिसेन.

आता एवढे करा. दोघांचेही चालण्याचे बूट याच आठवड्यात घ्या आणि रोज घालून फिरा. येथील जुन्या गावांत गोटे बसवलेले रस्ते आहेत, नवे बूट तिथे चावतील आणि आईच्या चपला तर मुळीच चालणार नाहीत. मुंबईच्या विमानतळावर चाकाची खुर्ची मी दोघांच्या नावे मागितली आहे. बाबा, ती नाकारू नका, आईला एकटीला त्यात बसायला संकोच वाटेल. आपल्याकडचे तीन पिनांचे प्लग येथे बसत नाहीत, अडॅप्टर मी देईन, तुम्ही विकत घेऊ नका. आणि परवाना बॅगेत असू द्या, बाबा. परतीच्या आदल्या दिवशी गावाबाहेरच्या मोठ्या मोकळ्या पार्किंगमध्ये भाड्याच्या गाडीवर तुमचेही नाव घातलेले असेल, आणि तिथे दोन चकरा तुम्ही मारायच्या आहेत. मी उजवीकडे बसेन आणि आई मागे.

बुटांचे फोटो रविवारपर्यंत पाठवा.

तुमची,
चिमी