माझ्या संहितेतला एक शब्द तुम्ही बदललात

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : आंतरराष्ट्रीय परिषदेतील इंग्रजी सादरीकरणाच्या तयारीसाठी घेतलेल्या सेवेबद्दल तक्रार आणि शुल्क परत मिळण्याबाबत

महोदय,

तुमच्या संस्थेकडून मी सहा तासिकांची सेवा घेतली होती. संहितेची दुरुस्ती, स्लाइडची मांडणी, उच्चारांचा सराव आणि प्रश्नोत्तरांची तयारी अशा चार गोष्टी त्यात मिळतील, असं नोंदणीच्या वेळी मला लेखी कळवलं होतं. शुल्क मी आगाऊ भरलं. परिषद होऊन आता तीन आठवडे झाले. रागाच्या भरात लिहायचं नव्हतं, म्हणून इतके दिवस थांबले.

मी रुग्णालयातल्या परिचारिकांच्या लांबलेल्या पाळ्या आणि औषध देताना होणाऱ्या चुका यांवर काम करते. माझा अभ्यास निरीक्षणाचा आहे. वॉर्डातल्या नोंदी पाहायच्या, मोजायच्या आणि या दोन गोष्टी एकत्र दिसतात का ते तपासायचं, एवढीच त्याची मजल. म्हणून मी संहितेत लिहिलं होतं की लांब पाळी आणि चुका यांच्यात ‘संबंध आढळला’. तुमच्याकडून दुरुस्त होऊन आलेल्या प्रतीत तिथे ‘लांब पाळीमुळे चुका होतात’ असं वाक्य होतं. इंग्रजी म्हणून ते माझ्या वाक्यापेक्षा नक्कीच सुटसुटीत होतं. पण ‘संबंध आहे’ आणि ‘त्यामुळे होतं’ यांत संशोधनाच्या जगात जमीन-अस्मानाचं अंतर असतं. ‘कदाचित’, ‘असं दिसतं’, ‘सूचित होतं’ हे शब्द आम्ही इंग्रजी कच्चं असल्यामुळे वापरत नाही. पुरावा जिथे संपतो तिथे थांबण्यासाठी ते असतात. तुमच्या संपादकांनी असे सात शब्द काढून टाकले आणि त्यांतला एकही बदल रंगवून दाखवला नाही. नवी प्रत परिषदेच्या दोन दिवस आधी हातात आली. मी ती पाठ करण्याच्या घाईत होते आणि हा बदल माझ्या नजरेतून सुटला, हे मी मान्य करते. पण लेखिकेला न विचारता तिचा दावा बदलायचा नाही, ही जबाबदारी तुमची होती.

दुसरी गोष्ट लांबीची. मला 12 मिनिटं बोलायला आणि 3 मिनिटं प्रश्नांना होती. माझी मूळ संहिता साधारण 1450 शब्दांची होती, तुमच्याकडून ती 2100 शब्दांची होऊन आली. परक्या भाषेत, श्रोत्यांना समजेल अशा बेताने बोलायचं तर मिनिटाला 130 शब्दांच्या पुढे मी जाऊ शकत नाही, आणि जाऊही नये. म्हणजे तुमची संहिता 16 मिनिटांची झाली. हा भागाकार तुमच्याकडे कुणीच केला नाही. भर घातलेली वाक्यंही वाचायची होती, बोलायची नव्हती. एकात एक अडकलेली उपवाक्यं, तीन-तीन ओळींची. तोंडी बोलताना वाक्य छोटं लागतं आणि ‘आतापर्यंत आपण नोंदी पाहिल्या, आता त्यांचा अर्थ पाहू’ अशी वाट दाखवणारी वाक्यं लागतात, कारण ऐकणाऱ्याला पान मागे उलटता येत नाही. माझ्या संहितेत ती होती. तुम्ही ‘पुनरुक्ती’ असा शेरा मारून काढलीत.

सत्राध्यक्ष उभे राहिले तेव्हा माझ्या दोन स्लाइड बाकी होत्या. त्यांतली एक अभ्यासाच्या मर्यादांची होती. कारण सिद्ध झालेलं नाही, हे मी जिथे सांगणार होते नेमकी तीच राहून गेली.

पहिलाच प्रश्न आला : तुम्ही प्रयोग केला आहे का? परिचारिकांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत वाटलं होतं का? प्रश्न रास्त होता आणि उत्तर मला माहीत होतं. पण प्रश्न वेगात आला, मधला एक शब्द कळला नाही, आणि पुन्हा विचारा असं कोणत्या शब्दांत म्हणायचं ते सुचेना. मी गप्प उभी राहिले. सभागृहाने अर्थ काढला तो असा, की या बाईंनी पुराव्यापलीकडचा दावा केला आणि आता उत्तर नाही. ज्या कामात माझी चार वर्षं गेली त्याबद्दल लोकांचं असं मत झालं, याचं मला फार दुःख आहे.

प्रश्नोत्तरांची तासिका मला मिळालीच नव्हती. सहापैकी चार तासिका ‘थ’ आणि ‘व’ यांवर गेल्या. इंग्रजी ‘थिंक’मधला ‘थ’ दातांत जीभ धरून म्हणायचा, ‘व’चे दोन वेगळे उच्चार करायचे, आणि तुमचं सॉफ्टवेअर गुण देणार. माझे गुण 62 वरून 81 वर गेले आणि शिक्षकांनी अभिनंदन केलं. त्या गुणांचा सभागृहात काहीही उपयोग झाला नाही. मरे मन्रो आणि ट्रेसी डर्विंग या भाषा-अभ्यासकांनी 1995 मध्येच दाखवलं होतं की परकी ढब ठळक असली तरी बोलणं पूर्ण समजू शकतं. ढब आणि सुबोधता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंग्रजी मातृभाषा नसलेले लोक एकमेकांशी इंग्रजीत बोलतात तेव्हा कशाने अडतं, हे भाषा-अभ्यासक जेनिफर जेन्किन्स यांनी तपासलं आणि 2000 साली मांडलं. तुमचा लाडका ‘थ’ त्यांनी अत्यावश्यक उच्चारांच्या यादीतून वगळला आहे. स्वरांची लांबी आणि वाक्यातला मुख्य आघात मात्र त्या यादीत आहेत. माझ्या सत्रातही बहुतेक श्रोत्यांची मातृभाषा इंग्रजी नव्हती.

मी खरी कुठे अडले ते सांगते. माझ्या अभ्यासात 15 वॉर्ड होते. सत्रानंतर एक श्रोता भेटला, त्याच्या वहीत 50 लिहिलेलं होतं. ‘फिफ्टीन’मध्ये शेवटचं अक्षर लांब आणि ठाशीव हवं, ‘फिफ्टी’त पहिलं. मराठीत आघाताने शब्द बदलत नाही, त्यामुळे ही सवय आम्हाला मुद्दाम लावून घ्यावी लागते. चार तासिकांत कुणी एकदा जरी म्हटलं असतं, ‘तुमचे आकडे मोठ्याने वाचून दाखवा’, तर ही चूक दहा मिनिटांत सापडली असती. आकडा स्लाइडवर ठळक असता तरी निभावलं असतं. पण तुमच्या मांडणीकारांनी स्लाइडवर संहितेचे परिच्छेद उतरवले होते आणि आकडा त्यात बुडाला होता. लोक वाचत बसले तर ऐकत नाहीत, हे तुम्हाला मी सांगायला नको.

एका तासिकेबद्दल मात्र मनापासून आभार. पाचव्या वेळी नेहमीच्या शिक्षकांऐवजी दुसऱ्या बाई आल्या. त्यांनी स्लाइड बंद करायला लावल्या आणि विचारलं, ‘तुम्हाला काय सापडलं ते मला एका वाक्यात सांगा.’ मी अडखळत सांगितलं. त्यांनी आणखी दोनदा सांगायला लावलं, आणि तिसऱ्यांदा ते वाक्य माझं झालं होतं. परिषदेत न अडखळता म्हटलेलं ते एकच वाक्य. तासाच्या शेवटी त्या म्हणाल्या की पुढच्या वेळी प्रश्न ऐकून आपल्या शब्दांत परत मांडण्याचा सराव करू. पुढच्या वेळी पुन्हा सॉफ्टवेअर होतं.

2023 मध्ये ‘प्लॉस बायॉलॉजी’ या नियतकालिकात 908 पर्यावरण संशोधकांची पाहणी प्रसिद्ध झाली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना सादरीकरणाच्या तयारीला कितीतरी जास्त वेळ द्यावा लागतो, आणि त्यांतले बरेच तरुण संशोधक भाषेच्या धास्तीने परिषदेला जाणंच टाळतात, असं त्यात दिसलं. तुमच्याकडे येणारे लोक हे आहेत. ते आपला वेळ आणि भीती दोन्ही तुमच्या हाती सोपवतात. ‘कुणाला कळणारही नाही की इंग्रजी तुमची मातृभाषा नाही’ ही तुमची जाहिरात मी वाचली होती आणि तिला भुलले होते. मला आज तसं वचन नको आहे. माझं काम मी जेवढं केलं तेवढंच आणि तसंच लोकांना कळावं, एवढी मदत हवी होती.

माझी मागणी अशी. उच्चारांच्या चार तासिकांचं आणि संहितेच्या दुरुस्तीचं शुल्क परत करावं; पाचव्या तासिकेचं मी मागत नाही. ग्राहकाच्या संहितेतला प्रत्येक बदल रंगवून दाखवण्याची आणि दाव्याशी संबंधित शब्दाला लेखकाच्या परवानगीशिवाय हात न लावण्याची लेखी सूचना संपादकांना द्यावी, आणि तिची प्रत मला पाठवावी. परत आलेल्या संहितेवर ती बोलायला किती मिनिटं लागतील, हे लिहिलेलं असावं.

मूळ संहिता, तुमची दुरुस्त प्रत, बदललेल्या सात जागांची यादी आणि तासिकांच्या नोंदी सोबत जोडल्या आहेत. 15 दिवसांत लेखी उत्तर मिळावं. हाच अभ्यास दोन महिन्यांनी मी दुसऱ्या परिषदेत मांडणार आहे. त्या पाचव्या तासिकेच्या बाई उपलब्ध असतील, तर तेही उत्तरात कळवावं.

आपली,
एक ग्राहक
(नाव व नोंदणी क्रमांक सोबतच्या अर्जात)