आधी गिरमिट ठरव, मग ड्रिल

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. गोठलेल्या तळ्यावर मासेमारीची भोकं पाडायला 18 व्होल्टचं ड्रिल घेऊ की 20 चं, असं विचारतोस. अरे, दोन्ही एकच! बॅटरीत 3.6 व्होल्टचे पाच सेल ओळीने जोडलेले असतात, त्याचे झाले 18. पूर्ण चार्ज झाल्या झाल्या प्रत्येक सेल 4 च्या वर असतो, म्हणून खोक्यावर 20 छापता येतात. फक्त 12 व्होल्टचं घेऊ नकोस, ते स्क्रू पिळण्यापुरतं.

खरा प्रश्न गिरमिटाचा, म्हणजे ड्रिलने फिरवायच्या बर्फ कोरणाऱ्या पात्याच्या दांड्याचा आहे. बर्फ 30 सेंटिमीटर जाड धरला, तर 6 इंची (म्हणजे तेवढ्या व्यासाचं भोक पाडणारं) गिरमिट एका भोकाला साडेपाच लिटर बर्फ खरवडतं, 8 इंची पावणेदहा लिटर आणि 10 इंची तब्बल पंधरा. शिवाय पातं मध्यापासून जितकं लांब, तितका ड्रिलला जास्त पीळ द्यावा लागतो. म्हणून ड्रिलवर चालवायचं तर 6 इंची उत्तम आणि 8 इंची ही मर्यादा. 10 इंचीच्या वाटेला जाऊ नकोस, मोटर जाळून घेशील. गिरमिटही वजनाला हलकं, दांड्याभोवतीची पिळाची पट्टी नायलॉनची किंवा तत्सम असलेलं बघ. जुन्या पोलादी पट्टीचं ओझं प्रत्येक वेळी वर खेचताना मनगटाला कळतं.

आता टॉर्क, म्हणजे ड्रिलचा पिळण्याचा जोर. 6 इंचीला निदान 80 न्यूटन-मीटर, 8 इंचीला 110 च्या पुढे. काही कंपन्या दोन आकडे देतात, 'हार्ड' (झटक्यात अडल्यावर मोजलेला) आणि 'सॉफ्ट' (भार हळूहळू वाढवत मोजलेला). मोठा असतो तो हार्ड, आणि तोच जाहिरातीत झळकतो. दोन ड्रिलांची तुलना करताना एकाचा हार्ड आणि दुसऱ्याचा सॉफ्ट घेऊ नकोस. अमेरिकन मालावर इंच-पाउंड असतात, त्यांना साधारण 9 ने भाग. मिलवॉकी कंपनीच्या एम18 फ्युएल मालिकेतल्या 2803 या ड्रिलवर 1200 इंच-पाउंड लिहिलंय, म्हणजे सुमारे 135 न्यूटन-मीटर. 8 इंचीला तेवढं भरपूर झालं. डीवॉल्ट ही कंपनी मात्र बऱ्याच मॉडेलांवर टॉर्कऐवजी वॅटमधली शक्ती छापतं. तो आकडा टॉर्कशेजारी ठेवून काही कळत नाही.

ब्रशलेस (कार्बनचे ब्रश नसलेली) मोटर, अर्धा इंची म्हणजे 13 मिलिमीटरचा धातूचा चक (दांडा पकडणारं ड्रिलचं तोंड) आणि बाजूची लांब मूठ, या तीन गोष्टींवर तडजोड नको. इम्पॅक्ट ड्रायव्हर चालणार नाही, तो ठोके देत फिरतो आणि त्याला हा चकही नसतो.

मुठीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण लोक ती खोक्यातच ठेवून देतात. भोक आरपार होताना पातं तळाच्या कडेत चावतं, गिरमिट जागच्या जागी थांबतं आणि मग ड्रिल स्वतःच फिरायला लागतं. 130 न्यूटन-मीटरचा झटका 25 सेंटिमीटरवरच्या मुठीत सुमारे 53 किलोच्या ओढीसारखा येतो. मूठ नसेल आणि हात 15 सेंटिमीटरवर असेल, तर तीच ओढ 88 किलोंची. मनगट मुरगळतं ते तिथेच. मूठ घट्ट आवळ आणि कोपर अंगाशी ठेव.

गिअर पहिला, म्हणजे हळू फिरणारा. चकामागचं कडं आकड्यांवर नको, ड्रिलच्या चिन्हावर. हातोडीचं चिन्ह बंद. सुरुवात हळू कर, पात्यांनी गोल कोरला की खटका पूर्ण दाब. वरून रेटायचं नाही, गिरमिट आपलं आपण उतरतं. दर 15 सेंटिमीटरला फिरतं ठेवूनच वर उचलून भुगा बाहेर काढ. शेवटच्या दोन बोटांत वेग तसाच ठेव आणि वजन थोडं हातावर घे, म्हणजे चावण्याचा जोर कमी होतो. पाणी वर आलं की भुग्याचा जड राडा होतो. तो दोन-तीनदा उपसून काढ, पण ड्रिलचं तोंड पाण्यापासून लांब ठेव.

उलटं फिरवू नकोस. बिनचावीचा चक उलट्या फिरण्याने सैल होतो आणि गिरमिट थेट तळाला जातं. काही रशियन गिरमिटं मुळातच डावीकडे फिरतात, त्यांना हा धोका कायमचा. उपाय सोपा आहे. दांड्यावर भोकापेक्षा मोठी चकती घालायची. मग चक सुटला तरी गिरमिट बर्फावरच अडकून राहतं. पहिल्या भोकानंतर चक पुन्हा एकदा आवळ.

बॅटरी 5 अँपिअर-तासांची घे. तिच्यात सेलच्या दोन ओळी असतात, त्यामुळे प्रत्येक ओळीवर निम्माच करंट येतो आणि भाराखाली व्होल्टेज कमी घसरतं. 2 ची एकाच ओळीची असते, ती गिरमिटाखाली लवकर दम टाकते. थंडीत सेलचा अंतर्गत रोध वाढतो, व्होल्टेज घसरतं आणि बॅटरी मेली असं वाटतं. ती कोटाच्या आत ठेव, पुष्कळदा जिवंत होते. शून्याखाली चार्जिंगला मात्र लावू नकोस. लिथियम धातू आत साचतो आणि क्षमता कायमची जाते. घरात आणून आधी खोलीच्या तापमानाला येऊ दे.

ड्रिल कुरकुरतंय असं वाटलं तर आधी भुगा बघ. पातळ पापुद्रे येत असतील तर धार ठीक आहे. पिठासारखी पूड येत असेल तर पाती बदल, ड्रिल नव्हे. चिकटलेला बर्फ काढायला गिरमिट आपटायचं नाही, पात्याचा कोन बिघडतो. वाळूचा एक कणही धार घालवतो.

आणि हो, काठाजवळ पहिलं भोक मोजमापाचं. पायी चालायला निदान 10 सेंटिमीटर स्वच्छ बर्फ हवा. पांढरा, बर्फवृष्टीतून झालेला असेल तर त्याची ताकद अर्धीच धर.

तुझ्याकडचं हाताचं गिरमिट वापरणार असशील तर वरचं हँडल काढून दांड्याचा व्यास मिलिमीटरमध्ये कळव. ते ड्रिलला जोडायचा अ‍ॅडॅप्टर त्यावरून ठरेल.

लोभ आहेच, तो वाढावा.

तुझा,
मनोहर

ता.क. अ‍ॅडॅप्टरचा दांडा तीन सपाट बाजूंचा किंवा षट्‌कोनी बघ. चकाचे तीन जबडे सपाट बाजूंवर बसले की दांडा घसरत नाही. गोल घेतलास तर दर दोन भोकांना चक आवळत बसशील.