गाडी उजवीकडे का ओढते ते शोधून काढणाऱ्या मेस्त्रीकाकांना

मेस्त्रीकाका, सप्रेम नमस्कार.

काम झालं, पैसे दिले, विषय संपला, असं तुम्ही म्हणाल. पण गाडीला हात लावण्याआधी तुम्ही जे प्रश्न विचारलेत, त्यांचा हिशेब बिलात कुठेच नाही. म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

गाडी उजवीकडे ओढत होती. स्टेअरिंग जरा सैल धरलं की निघाली दुभाजकाकडे. आधीच्या ठिकाणी अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करून झालं होतं, रिपोर्टवर सगळे आकडे हिरवे, आणि गाडी मात्र तशीच. आता टायर बदला, नाहीतर सस्पेन्शन उघडू, असा तिथला सल्ला. तुम्ही तो कागद घेऊन कॅम्बर (समोरून पाहिल्यावर चाकाचा कल) आणि कास्टर (बाजूने पाहिल्यावर चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा कल) यांचे डावे-उजवे आकडे बोट ठेवून जुळवलेत. 'टो'कडे, म्हणजे वरून पाहिल्यावर चाकांची तोंडं आत वळलीत की बाहेर त्याकडे, फारसं पाहिलंही नाहीत. टो बिघडला की टायर खातो आणि स्टेअरिंग वाकडं बसतं, ओढ बहुतेक वेळा त्याने येत नाही, हे जाता जाता सांगितलंत. मग म्हणालात, "कागद ठीक आहे. गाडी ओढते कधी?"

'कधी' हे तोवर कोणी विचारलंच नव्हतं. निघाल्या निघाल्या ओढते की थोडी चालल्यावर? फक्त ब्रेक दाबल्यावर की एरवीही? रेस दिली की एकीकडे आणि ब्रेक दाबला की दुसरीकडे, असं होतं का? म्हणजे लोअर आर्मचे बुश (चाकाला धरणाऱ्या खालच्या दांड्याचे रबरी जोड) गेलेत का ते कळलं असतं. वळण घेतल्यावर त्याच बाजूला धरून राहते का? तसं असतं तर चाक वळताना फिरणारा बॉल जॉइंट किंवा स्ट्रटचं बेअरिंग जाम. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता कडेला उतरता असतो, त्यामुळे डाव्या लेनमध्ये गाडी किंचित डावीकडे सरकते. ही तर उतार चढून उजवीकडे जातेय, म्हणजे रस्ताही सुटला.

माझं उत्तर होतं: निघताना सरळ, गर्दीत ब्रेक मारत मारत गेलं की ओढायला लागते, उभी राहून गार झाली की पुन्हा सरळ. त्यावर तुम्ही हसलात. "अलाइनमेंट गरम होऊन बिघडत नाही आणि गार होऊन सुधारत नाही."

तरीही टायर सोडले नाहीत. थंड टायरची हवा मोजलीत, कारण हवा कमी असलेल्या बाजूला गाडी ओढतेच. मग पुढची दोन्ही चाकं डावी-उजवी अदलाबदल केलीत. (त्याआधी टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण नाही ना, ते पाहिलंत.) ओढ डावीकडे गेली असती तर दोष टायरच्या आतल्या बांधणीत. ती उजवीकडेच राहिली. नवे टायर घेण्याचा खर्च तिथेच वाचला.

खरी गंमत पुढे. ब्रेक मारत एक फेरी मारून आल्यावर तुम्ही पुढच्या दोन्ही रिमजवळ तळहात नेलात, न टेकवता. उजवीकडची धग मलाही जाणवली. जॅक लावला, तर डावं चाक हाताने सहज फिरतंय आणि उजवं हलायला तयार नाही. इथे दुसऱ्या कोणीही 'कॅलिपर जाम', म्हणजे ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा भाग अडकला, असं म्हणून नवा कॅलिपर मागवला असता. तुम्ही आधी पॅड दाखवलेत: आतला आणि बाहेरचा सारखेच झिजलेले. कॅलिपर ज्यावर सरकतो ती स्लाइड पिन अडकली असती तर एक जास्त झिजला असता. मग रबरी ब्रेक होज (ब्रेक ऑइलची नळी) जिथे लोखंडी पाइपला जोडलेला असतो, तो जोड किंचित सैल केलात. चाक घट्टच. जोड आवळून कॅलिपरवरचा ब्लीडर निपल (ऑइल बाहेर काढायचा स्क्रू) सोडलात, ब्रेक ऑइलची बारीक चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं झालं. तुम्ही एकच वाक्य बोललात: "दाब या दोघांच्या मध्ये अडकलाय." मध्ये होजशिवाय होतं काय?

काढलेला होज तुम्ही माझ्यासमोर उभा चिरलात. बाहेरून धड, एक चीर नाही. आत रबर फुगून भोक पार बारीक झालेलं, आणि एक सुटलेला पापुद्रा. पाय जोरात दाबतो म्हणून ऑइल आत जातं. पाय उचलल्यावर ते परत ढकलायला मागे तसं बळच नसतं, म्हणून पॅड डिस्कला धरून राहतात. धरून ठेवलेल्या चाकाच्या बाजूला गाडी ओढणार, हे उघड आहे. हे कुठल्या अलाइनमेंट मशीनवर दिसणार होतं? त्या मशीनला मी दोष देत नाही. त्याला विचारलं ते त्याने बरोबर सांगितलं.

डावीकडचा होज चांगला असूनही बदललात, दोन्ही एकाच वयाचे म्हणून. तेव्हा मला ते जास्तीचं वाटलं होतं, आता पटतं. तापलेलं ऑइल काढून नवं भरलंत, पुढचे पॅड दोन्हीकडचे नवे घातलेत. कॅलिपर मात्र जुनेच ठेवलेत, आणि ते चांगले असताना बदलायला ठाम नकार दिलात, याचे आभार वेगळे.

चिरलेला होज मी मागून आणला आहे. गाडी शिकणाऱ्या भाचीला दाखवायचा आहे.

तुमचा आभारी,
एक गाडीवाला