टेबलावरचं क्यूआर मेनूकार्ड न सांगता बंद केल्याबाबत तक्रार

दिनांक : १० नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : क्यूआर मेनूकार्डाची सेवा पूर्वसूचना न देता बंद केल्याबाबत, आणि भरलेली रक्कम परत मिळण्याबाबत.

संदर्भ : दि. २० फेब्रुवारी २०२५ चं आपलं बिल, रु. ११,८०० (प्रत जोडली आहे).

महोदय,

मालवणात आमची खानावळ आहे. नऊ टेबलं, त्यातली तीन पडवीत. स्वयंपाक मी बघते, मासळीचा लिलाव आणि गल्ला आमचे हे बघतात. तुमच्या ॲपमध्ये मी दोनदा तक्रार नोंदवली. दोन्ही वेळा ‘आपलं समाधान हेच आमचं ध्येय’ असं उत्तर मिनिटभरात आलं आणि त्यानंतर काहीच नाही. म्हणून आता कागदावर लिहून स्पीड पोस्टाने पाठवते आहे.

मुळात हे कोडाचं खूळ आम्ही का घेतलं, ते आधी सांगते. आमच्या धंद्यात मेनूकार्ड छापून चालत नाही. भात, भाकरी, सोलकढी, कोंबडी वडे यांचे दर सहा-सहा महिने हलत नाहीत, पण मासळीचं तसं नाही. वारा सुटला, होड्या बाहेर पडल्या नाहीत की सुरमईचा दर कालच्या दीडपट होतो. रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याला, बांगडा भरभरून लागला की तोच बांगडा निम्म्यावर येतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा तर अर्धं कार्डच पुसावं लागतं, सुक्या मासळीवर आणि खाडीच्या मासळीवर दिवस काढायचे. म्हणून गेली सतरा वर्षं आमच्याकडे काळा फळा होता. हे लिलावावरून आले की खडूने दर लिहायचे. अडचण एवढीच की पडवीतून फळा दिसत नाही, आणि मुंबई-बंगळुरूची माणसं दर चार-चारदा विचारतात.

फेब्रुवारीत तुमचा माणूस आला. जेवला, पैसे दिले (ते कबूल करायला हवं), आणि मग बॅगेतून चकचकीत ॲक्रेलिकचा स्टँड काढून म्हणाला, “काकी, सकाळी मोबाईलवर दर बदला, दहा सेकंदांत नऊच्या नऊ टेबलांवर बदलेल.” मी पैसे दिले ते या एका वाक्यासाठी. दरवर्षी काही भरावं लागेल का, असं मी दोनदा विचारलं. तो म्हणाला, “एकदाच. स्टँड तुमचे, कोडही तुमचा.” दहा हजार आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे अठराशे. हे कागदावर लिहून घेतलं नाही, ही माझी चूक. पण मुदत आठ महिन्यांची आहे हे तुमच्या बिलावरही कुठे लिहिलेलं नाही, ती चूक माझी नव्हे.

पहिला झटका इंग्रजी कार्डाने दिला. मी सगळे पदार्थ मराठीत लिहून दिले होते. इंग्रजी तुम्ही करणार होतात. ते माणसाने केलं असेल असं मला वाटत नाही. तिसऱ्या म्हणजे आमच्याकडे शिंपल्यांतल्या, खोबऱ्याच्या वाटपातल्या. तुमच्या कार्डावर त्याचं झालं ‘थर्ड मसाला’. मुडदुशे हा नाजूक, चवीचा मासा, त्याचं ‘रिकेट्स फ्राय’ झालं, कारण मुडदूस नावाचा लहान मुलांचा हाडांचा आजार आहे. आणि मोरी! मोरी म्हणजे लहान शार्क, तिचं मटण करतात, गावोगावची माणसं त्यासाठी वाट वाकडी करून येतात. तुमच्या कार्डावर ते होतं ‘ड्रेन मटण’. होय, न्हाणीघरातली मोरी. बंगळुरूच्या चार पोरांनी त्याचा फोटो काढला, हसून हसून टेबलावर डोकी टेकली आणि शेवटी चिकन मागवलं. दुरुस्तीची विनंती मी १२ मार्चला केली. मोरीचं ‘शार्क’ व्हायला एप्रिल उजाडला. मुडदुशांचं अजून झालेलं नाही.

दर बदलायचं ते दहा सेकंदांचं काम. मी दर बदलायचे, माझ्या मोबाईलवर बदललेला दिसायचा, गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर मात्र कधी कधी दुपारपर्यंत कालचाच. मे महिन्यातल्या एका रविवारी सुरमई थाळी मी १२० रुपयांनी वाढवली होती. सात जणांचं कुटुंब जेवलं आणि बिल बघून त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. त्यात जुना दर. आता कार्डावर जो दिसतो तोच घ्यायचा, यात वाद घालण्यासारखं काही नाही. मी ८४० रुपये सोडले. तुमच्या हेल्पलाइनवरचा मुलगा म्हणाला, गिऱ्हाइकाला पान पुन्हा उघडायला सांगा. जेवायला बसलेल्या माणसाला मी सांगायचं, की जरा बंद करून परत उघडा, सुरमई महाग झाली असेल?

बरं, पान उघडलं तर. आमच्या भिंती चिऱ्याच्या, जाड. आत रेंज एक काडी, तीही पडवीच्या दिशेला तोंड केलं तर. आणि कार्ड उघडण्याआधी तुम्ही गिऱ्हाइकाचा मोबाईल नंबर मागता, त्यावर ओटीपी पाठवता. तो ओटीपी येईपर्यंत माणूस पाणी पिऊन उठतो. आमचा वाढपी पहिल्या आठवड्यातच म्हणाला, “वहिनी, ता काय उघडना नाय, गिऱ्हायक उठान गेला.” हा नंबर मी मागितलेला नाही, मला त्याचा काही उपयोगही नाही. पण तीन-चार गिऱ्हाइकांनी मला येऊन सांगितलं की तुमच्याकडे जेवल्यापासून दुसऱ्याच हॉटेलांचे ऑफरचे मेसेज येतात. ते नंबर कुठे गेले, हे मला लेखी हवं आहे. दुकानदारांनी गिऱ्हाइकाकडे मोबाईल नंबरचा आग्रह धरू नये, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्येच बजावलं आहे. बोलणी मात्र मी खाल्ली, कारण टेबल माझं.

आणखी एक गोष्ट, जी तुमच्या ऑफिसात बसून कोणाच्या लक्षात येणार नाही. आमच्याकडे माणूस हाताने जेवतो. पहिली ऑर्डर मोबाईलवरून दिली, ठीक. पण खरा धंदा पुढच्या वाढपात असतो. आणखी दोन वडे, एक तिसऱ्या, सोलकढीचा दुसरा पेला. तेव्हा उजवा हात मनगटापर्यंत कालवणात असतो. त्या हाताने कोणी मोबाईल धरत नाही, तो वाढप्याला हाक मारतो. तुमच्या माणसाने मात्र ‘एक वाढपी कमी करता येईल’ असं सांगितलं होतं. बरं झालं, ऐकलं नाही.

हे सगळं मी सोसलं असतं. दिवाळीत जे झालं ते सोसणार नाही.

गुरुवारी भाऊबीज झाली आणि शनिवारी, २५ ऑक्टोबरला, गावात गाडी लावायला जागा नव्हती. दुपारी एकला नऊही टेबलं भरलेली, बाहेर बाकावर लोक. आणि एकाएकी प्रत्येक टेबलावरून तोच प्रश्न. कोड मारला की इंग्रजीत पाटी येत होती : हा कोड निष्क्रिय आहे, मालकाने प्लॅनचे पैसे भरलेले नाहीत. खाली तुमच्या कंपनीची जाहिरात. माझ्याच टेबलावर, माझ्याच गिऱ्हाइकांना, मी पैसे बुडवले असं तुम्ही सांगत होतात. आधी फोन नाही, मेसेज नाही. हेल्पलाइन त्या दिवशी ‘सणानिमित्त बंद’. सोमवारी कळलं की दरवर्षी रु. ४,५०० भरायचे आहेत. ह्यांनी माळ्यावरून फळा उतरवला, खडू सापडेना, तेव्हा भिंतीच्या चुन्याचा खपला घेऊन दर लिहिले. तीन कुटुंबं उठून गेली, ती मी स्वतः मोजली.

दिवाळीला माझा भाचा पुण्याहून आला होता, तो कॉम्प्युटरमध्ये आहे. त्याने स्टँडवर मोबाईल धरून मला दाखवलं. कोड उघडण्याआधी वर जो पत्ता दिसतो, त्यात आमच्या खानावळीचं नाव कुठेच नाही, तुमच्या कंपनीचा आखूड पत्ता आहे. म्हणजे गिऱ्हाईक आधी तुमच्या दारात जातं, आणि तुम्ही मनात आलं तर त्याला माझ्याकडे पाठवता. दुसरा एक साधा कोड असतो, त्यात पानाचा पत्ता थेट त्या काळ्या चौकोनांतच भरलेला असतो. तो कधी संपत नाही, त्याला कोणी बंद करू शकत नाही. तुमच्या पद्धतीत पत्ता मागून बदलता येतो, हा फायदा भाच्याने मान्य केला. पण मला पत्ता बदलायचा नव्हताच, दर बदलायचे होते. ते पानावर बदलतात, कोडात नव्हे. हा फरक तुमच्या माणसाला ठाऊक नसेल असं मी मानत नाही.

हा कोड जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीने १९९४ मध्ये मोटारीच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला काढला, आणि त्यांनी आपला हक्क न बजावता तो सगळ्यांना वापरू दिला, हेही भाच्यानेच सांगितलं. ज्यांनी शोधला ते पैसे मागत नाहीत, आणि तुम्ही माझ्याकडून वर्षाला साडेचार हजार मागता.

स्टँडबद्दलही दोन शब्द. मरून रंगावर सोनेरी कोड छापलाय, दिसायला लग्नपत्रिकेसारखा. कोड गडद आणि पाठ फिकी हवी, चारी बाजूंनी कोरी जागा हवी. तुम्ही कडेपर्यंत वेलबुट्टी नेली आणि मध्यभागी स्वतःचं चिन्ह बसवलं. हा कोड जास्तीत जास्त ३० टक्के झाकला गेला तरी वाचता येतो म्हणतात, तेही तसा बनवला असेल तर. त्यातली बरीचशी सूट तुमच्या चिन्हानेच खाल्ली, आमच्या सोलकढीच्या थेंबाला काही उरलीच नाही. रुंदी जेमतेम दोन सेंटिमीटर, म्हणून म्हातारी माणसं टेबलावर ओणवी व्हायची.

सोमवारी तुमच्या बाईंनी फोनवर मला सुनावलं, की तुम्ही व्यावसायिक आहात, तुम्हाला ग्राहक कायदा लागू नाही. त्यांना कृपया २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा वाचायला द्या. स्वयंरोजगारातून केवळ पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू ‘व्यापारी हेतू’त धरली जात नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. नवरा-बायको आणि दोन वाढपी एवढ्यावर चालणारी खानावळ याहून वेगळी कशी, ते मला आयोगासमोर समजावून सांगा. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर मी तक्रार नोंदवली आहे. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत उत्तर आलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

मला हवंय ते असं. रु. ११,८०० परत. मे महिन्यातले ८४० मी सोडून देते, त्याचा पुरावा माझ्याकडे नाही. माझ्या गिऱ्हाइकांचे जे नंबर तुम्ही गोळा केले ते पुसून टाकल्याचं लेखी पत्र. ‘मालकाने पैसे भरलेले नाहीत’ ही पाटी आजच्या आज काढा, कारण काही गिऱ्हाइकांनी कोडाचा फोटो काढून ओळखीच्यांना पाठवलेला आहे आणि तो अजूनही मारला जातो. आणि मी टाकलेले पदार्थांचे फोटो मला परत पाठवा. ते ह्यांनी काढलेत, तुमचे नव्हेत.

वार्षिक प्लॅन मला नको. भाच्याने साधा कोड काढून दिलाय, पांढऱ्या कागदावर काळा, पंज्याएवढा. त्यावर फक्त न बदलणारे दर आहेत, आणि नंबर मागत नाही. मासळी परत फळ्यावर. पडवीसाठी दुसरा छोटा फळा केला, सुताराने साडेसहाशे घेतले.

तुमचे अठरा स्टँड, प्रत्येक टेबलाला दोन याप्रमाणे, खोक्यात भरून ठेवले आहेत. न्यायला माणूस पाठवा. फक्त दुपारी बारा ते तीन पाठवू नका, तेव्हा आम्हाला वेळ नसतो.

कळावे,

आपली,
खानावळीची मालकीण,
मालवण, जि. सिंधुदुर्ग

सोबत : बिलाची प्रत, २५ ऑक्टोबरच्या पाटीचा फोटो, ‘ड्रेन मटण’चा फोटो.