पिकअपचा टर्बो चढावरचे आरपीएम पाहून निवडावा

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

सोलापूर बाजार समितीच्या आवारात कांद्याची गाडी खाली होण्याची वाट पाहत उभ्या असलेल्या पिकअपमालकांच्या गप्पांत अलीकडे एक विषय हमखास निघतो. तो म्हणजे कंपनीचा टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारे यंत्र) काढून त्या जागी बाहेरचा ‘परफॉर्मन्स टर्बो’ बसवण्याचा. कोणी सांगतो की गाडी उडायला लागते, कोणी मोबाइलवर जाहिरात दाखवतो, आणि त्या जाहिरातीत एकच आकडा ठळक असतो, तो म्हणजे हॉर्सपॉवर किती वाढणार. या आकड्यावर विसंबून मीही दोन वर्षांपूर्वी असा टर्बो घेतला आणि सहा महिन्यांत उतरवून ठेवला. माझी जी चूक झाली ती इतरांची होऊ नये आणि टर्बो घेताना विक्रेत्याकडे नेमका कोणता कागद मागायचा हे गिऱ्हाइकाला कळावे, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

माझी गाडी २०१३ सालची असून तिला अडीच लिटरचे, चार सिलिंडरचे इंजिन आहे. हंगामात कांदा आणि एरवी चादरी-टॉवेलचे गठ्ठे, असा तिचा धंदा. पन्नास किलोच्या पंचवीस गोण्या, म्हणजे साडेबारा क्विंटल माल घेऊन लातूरकडे जाताना तुळजापूरचा घाट ती पूर्वी तिसऱ्या गिअरमध्ये चढत असे. पुढे ती तिथे दुसरा गिअर मागू लागली आणि मागे काळा धूर सोडू लागली. एका गॅरेजमध्ये दाखवली असता टर्बो गेल्याचे निदान झाले, आणि बदलायचाच आहे तर थोडा मोठा बसवा, असा सल्ला मिळाला. सल्ला देणाऱ्याने गाडी कोणत्या रस्त्याला, किती वजन घेऊन आणि किती आरपीएमवर (इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांवर) चालते, यातले काहीही विचारले नाही. मलाही ते सांगावेसे वाटले नाही, हे कबूल करायला हवे.

मोठ्या टर्बोचे मोठेपण नेमके कुठे नडते हे कळण्यासाठी त्याचे काम थोडे समजून घ्यावे लागते. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूशी यांनी १९०५ साली ज्याचे पेटंट घेतले त्या कल्पनेचा गाभा आजही तोच आहे. सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरातील वाया जाणारी ऊर्जा एका पंख्याला (टर्बाइनला) फिरवते आणि त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा (कॉम्प्रेसर) बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. हा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि बेअरिंगमधल्या ऑइलच्या पातळ थरावर अक्षरशः तरंगत असतो. टर्बो स्वतः ताकद निर्माण करत नाही. ताकद डिझेलमधून येते. टर्बो फक्त ते डिझेल पुरते जळावे यासाठी हवा पुरवतो. म्हणूनच नुसता मोठा टर्बो बसवून फरक जाणवत नाही, आणि मग मिस्त्री डिझेल पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवतात किंवा नव्या गाडीत संगणकाचा हिशेब बदलणारी चिप टाकतात. वाढवलेल्या डिझेलला खालच्या आरपीएमवर हवा मिळाली नाही की ते काळा धूर होऊन बाहेर पडते. ज्याला अनेक जण ताकदीची खूण समजतात, तो धूर म्हणजे न जळलेल्या डिझेलचे पैसे आहेत.

हवेच्या बाबतीत सोलापूरची परिस्थिती मुळातच थोडी अवघड आहे. आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर आहे आणि उन्हाळ्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. समुद्रसपाटीला १५ अंश तापमानात एक घनमीटर हवेचे वजन १.२२५ किलो भरते. आपल्याकडे मे महिन्यातल्या दुपारी तेच सुमारे १.०६ किलो भरते. म्हणजे इंजिनाला मिळणारी हवा आधीच सुमारे तेरा टक्के विरळ. ती दुप्पट दाबाला नेताना, कॉम्प्रेसरची कार्यक्षमता सत्तर टक्के धरली तरी, १४० अंशांच्या आसपास तापते. कार्यक्षमता साठ टक्क्यांवर घसरली तर तापमान १५५ अंशांच्या वर जाते. ही हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरला वारा लागतो गाडीच्या वेगाचा, आणि घाटात भरलेल्या पिकअपचा वेग ताशी पंचवीस-तीस किलोमीटर असतो. स्वस्तातल्या नकली पंख्याची खरी किंमत इथे मोजावी लागते, कारण तो दाब दाखवतो पण हवेऐवजी उष्णताच जास्त भरतो.

आता निवडीचा मुख्य मुद्दा. पंख्याचा आकार तोच ठेवून व्यास वाढवला तर त्याचे जडत्व व्यासाच्या पाचव्या घाताने वाढते. व्यास वीस टक्के वाढला तर जडत्व जवळजवळ अडीच पट होते, आणि तेवढा जड पंखा फिरवायला धूर मात्र पूर्वीइतकाच असतो. टर्बाइनच्या शंखाकृती कवचावर ‘ए बाय आर’ असा एक आकडा असतो. वाटेच्या छेदाचे क्षेत्रफळ भागिले त्या छेदाच्या मध्याचे दांड्यापासूनचे अंतर, असा त्याचा अर्थ. हा आकडा लहान असेल तर धूर जोरात पंख्यावर आदळतो आणि टर्बो लवकर उठतो, मात्र वरच्या आरपीएमवर इंजिनाचा श्वास कोंडतो. आकडा मोठा असेल तर वर मोकळे वाटते आणि खाली गाडी मेल्यासारखी होते. शर्यतीच्या गाडीला दुसरा प्रकार चालतो. कांद्याच्या गाडीचा दिवस पंधराशे ते बावीसशे आरपीएममध्ये जातो, तिला पहिलाच हवा.

हे नुसते बोलण्यावर न ठेवता मी कागदावर गणित मांडून पाहिले. ते टर्बो घेण्यापूर्वी मांडायला हवे होते. अडीच लिटरचे इंजिन १८०० आरपीएमला मिनिटाला २२५० लिटर हवा ओढू शकते. सिलिंडर ८५ टक्के भरतात असे धरले, हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा एक बारने (साधारण वातावरणाच्या दाबाइतका) जास्त आणि इंटरकूलरनंतरचे तापमान ६० अंश धरले, तर मिनिटाला साधारण ४ किलो हवा लागते. हेच ३५०० आरपीएमला साडेसात किलोच्या आसपास जाते. प्रत्येक चांगल्या टर्बोचा कॉम्प्रेसर मॅप नावाचा आलेख असतो. त्यात आडव्या अक्षावर हवेचा प्रवाह आणि उभ्या अक्षावर दाबाचे गुणोत्तर दिलेले असते, मध्ये बेटासारख्या आकृत्यांत कार्यक्षमता दाखवलेली असते आणि डाव्या कडेला ‘सर्ज’ची रेषा असते. या रेषेच्या डावीकडे काम पडले की दाबलेली हवा उलट फिरते, रबरी पाइपातून फडफड ऐकू येते आणि दांड्याच्या बेअरिंगवर हातोडे बसतात. आपले चार किलो आणि साडेसात किलो हे दोन बिंदू त्या आलेखावर ठेवले की टर्बो आपला आहे की नाही हे पाच मिनिटांत कळते. मला विकलेल्या टर्बोचा आलेख मागितला तेव्हा दुकानदाराने खोक्यावरचे चित्र दाखवले.

त्या टर्बोने घाटात काय केले ते थोडक्यात सांगतो. बावीसशेच्या खाली गाडी ओढेना, वर गेल्यावर एकदम झेप घेई, आणि पुन्हा गिअर बदलला की आरपीएम पडून परत मेल्यासारखी. सहा महिन्यांत क्लचप्लेट गेली. डिझेलही जास्त प्यायली, आणि धूर होता त्याहून वाढला.

मूळ दोष काय होता हे नंतर एका जुन्या, वयस्कर मिस्त्रींनी दाखवले, आणि ते दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही. त्यांनी एअर फिल्टरचा डबा उघडला तर तळाशी कांद्याची वाळलेली टरफले मूठभर साचली होती. फिल्टरच्या कडेचे रबर एका जागी दुमडले होते आणि तिथून पुढे, आतल्या बाजूला, आपल्याकडच्या काळ्या मातीच्या धुळीची बोटभर रुंद रेघ थेट टर्बोच्या तोंडापर्यंत गेली होती. माझा जुना टर्बो त्यांनी हातात घेऊन पंख्याच्या पात्यांवर नख फिरवले. पात्यांच्या कडा झिजलेल्या विळीसारख्या गोल झाल्या होत्या. शिवाय इंटरकूलरकडे जाणाऱ्या पाइपला क्लिपखाली वीतभर लांबीची चीर होती, जी गाडी उभी असताना दिसत नव्हती आणि दाब आला की उघडत होती. फिल्टर, पाइप आणि मूळ मोजमापाचा नवा टर्बो एवढ्यावर गाडी पुन्हा तिसऱ्या गिअरमध्ये घाट चढू लागली. टर्बो बदलण्याआधी फिल्टर, पाइप, क्लिपा, वेस्टगेटच्या (जादा धूर टर्बाइनला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेच्या) ॲक्च्युएटरची बारीक नळी, डिझेल फिल्टर आणि डिझेल फवारणारे इंजेक्टर एवढे तपासून घेण्याचा आग्रह गाडीमालकाने धरला पाहिजे. यात दोन तास जातात, परंतु मिस्त्रींना त्याचे फारसे पैसे मिळत नाहीत, अडचण एवढीच आहे.

बसवण्याच्या पद्धतीविषयीही दोन गोष्टी नमूद करतो. टर्बोकडे ऑइल नेणारी नळी आतून काजळीने बुजलेली असते. जुनी नळी तशीच ठेवून नवा टर्बो बसवला तर तो पहिल्या काही मिनिटांतच कोरडा फिरतो. माझ्या गाडीच्या नळीत उदबत्तीची काडीसुद्धा जेमतेम गेली. त्या जोडावर सिलिकॉनचा लेप लावू नये, कारण त्याचा तुकडा सुटला तर तोच ऑइलची वाट अडवतो. चालू करण्यापूर्वी टर्बोत वरून स्वच्छ ऑइल ओतून दांडा हाताने फिरवावा. परतीची नळी सरळ उताराने खाली गेली पाहिजे, आणि इंजिनाचा ब्रीदर (आत साचलेला वायू बाहेर सोडणारी वाट) तुंबलेला असेल तर निर्दोष टर्बोसुद्धा ऑइल सोडतो व बिचाऱ्याला दोषी ठरवले जाते. घाट चढून वर आल्याबरोबर चहासाठी गाडी झटकन बंद करण्याची आपली सवयही वाईट. मिनिटभर ती आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता चालू) राहू द्यावी, नाहीतर तापलेल्या बेअरिंगमध्ये ऑइल जळून त्याचा कोळसा होतो.

एवढे करूनही ज्यांना अधिक ताकद हवीच आहे, त्यांनी आधी दोन काटे बसवावेत, एक दाबाचा आणि दुसरा टर्बाइनच्या आधीच्या धुराच्या तापमानाचा. भरलेल्या गाडीत हे तापमान चढावर बराच वेळ सातशे अंशांच्या वर राहू लागले तर पिस्टन धोक्यात आहेत असे समजावे. माझ्या मते, काटे न बसवता पंप वाढवून देणाऱ्या गॅरेजमध्ये गाडी नेऊच नये.

कायद्याचा भाग मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण चर्चेत तो कधीच येत नाही. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये परवानगी नसलेल्या बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. मूळ मोजमापाचा टर्बो नव्याने बसवणे ही दुरुस्ती. मोठा टर्बो घालून डिझेल वाढवणे हा बदल, असे मी समजतो. पासिंगच्या (गाडीच्या योग्यता तपासणीच्या) वेळी आणि अपघातानंतर विम्याच्या दाव्याच्या वेळी हा फरक महागात पडू शकतो. १ एप्रिल २०२० पासूनच्या भारत स्टेज सहा या प्रदूषण मानकाच्या गाड्यांत तर धुराच्या वाटेत काजळीचा फिल्टर असतो आणि हवेचा व दाबाचा हिशेब संगणक ठेवतो. तिथे मोठा टर्बो म्हणजे डॅशबोर्डवरचा कायमचा पिवळा दिवा. भारत स्टेज चारची मानके २०१० साली देशातल्या ज्या मोजक्या शहरांत आधी लागू झाली त्यांत मुंबई-पुण्याबरोबर सोलापूरही होते, ते इथल्या हवेच्या स्थितीमुळेच. त्या शहरात काळ्या धुराला ‘पॉवर’ म्हणून मिरवावे, हे मला पटत नाही.

माझी विनंती दोन ठिकाणी आहे. प्रादेशिक परिवहन कार्यालयाने टर्बोचा कोणता बदल दुरुस्ती समजला जाईल आणि कोणता नाही, हे मराठीत एका पानावर लिहून पासिंगच्या खिडकीजवळ लावावे. विक्रेत्यांनी प्रत्येक टर्बोसोबत कॉम्प्रेसर मॅप, ए बाय आरचा आकडा, दांडा यंत्रावर तोलल्याची चिठ्ठी आणि पक्के बिल द्यावे, आणि गाडीमालकांनी हे चार कागद मिळाल्याशिवाय पैसे देऊ नयेत. माझा मोठा टर्बो अजून खोक्यातच पडून आहे. परत घेण्याविषयी विचारले तेव्हा बिल दाखवा, असे दुकानदार म्हणाला. ते त्याने मला दिलेलेच नव्हते.

आपला नम्र,
एक पिकअपमालक वाचक,
सोलापूर