बाबांच्या मायक्रोस्कोपला नवा दिवा

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

मायक्रोस्कोप तयार झालाय. रविवारी दादा तिकडे येतोय, त्याच्या गाडीतून पाठवते. फोनवर सांगायला गेलं की बाबा "बरं बरं" म्हणत फोन तुझ्याकडे देतात, आई, म्हणून सगळं लिहूनच काढलंय. बाबांनी हे पूर्ण वाचल्याशिवाय खोका उघडायचा नाही. लक्ष ठेव.

बाबा, आधी तुमच्या जिवाला घोर नको म्हणून सांगते: लेन्सा, कंडेन्सर (स्लाइडवर उजेड एकवटणारं भिंग), स्टेज, फोकसचे स्क्रू, कशालाही धक्का लावलेला नाही. 40 पटीच्या ऑब्जेक्टिव्हच्या (स्लाइडकडच्या भिंगाच्या) टोकाला ऑइल वाळून बसलं होतं, तेवढं पुसलं. बदललाय तो फक्त पायथ्यातला दिवा. 6 व्होल्ट, 20 वॅटचा तुमचा हॅलोजन, त्याचा ट्रान्सफॉर्मर आणि होल्डर, तिन्ही वेगळ्या पिशवीत बांधून दिलेत. पायथ्याला एकही नवं भोक पाडलेलं नाही, त्यामुळे पटलं नाही तर सगळं पूर्ववत करता येईल. पण पटेल.

त्या हॅलोजनचं आयुष्य कंपनीच्या हिशेबानेच सुमारे 100 तासांचं. तुम्ही तो पुरवून पुरवून वापरलात, नॉब अर्ध्याच्या वर क्वचितच नेलात, म्हणून तो टिकला. पण व्होल्टेज कमी केलं की हॅलोजनचा उजेड पिवळा, मग तांबूस होत जातो आणि त्यावर उतारा म्हणून निळी काच घालावी लागते. म्हणजे आधीच कमी असलेल्या उजेडातला आणखी थोडा त्या काचेत जायचा. एलईडीला ती भानगड नाही. कमी-जास्त केला तरी रंग जवळजवळ तसाच राहतो. निळी काच काढून पिशवीतच ठेवलीय, सवयीने परत घालू नका.

बाजारात हॅलोजनच्याच खाचेत बसणारे तयार एलईडी बल्ब मिळतात. ते मुद्दामच टाळले. त्यात बारीक बारीक पुष्कळ दिवे भोवताली लावलेले असतात आणि आपल्याला एका जागी एकवटलेला उजेड हवा. म्हणून 3 वॅटचा एकच एलईडी घेतला आणि हॅलोजनची तार जिथे यायची, नेमक्या त्याच उंचीवर बसवला. खरी कसरत इथेच झाली. तो जरा खाली-वर झाला की कंडेन्सरला पुरेसा उजेड भरत नाही. 10ला सगळं झकास दिसतं आणि ऑइल इमर्शनला (तेलाचा थेंब टाकून बघायच्या भिंगाला) आलं की बारकावे गायब. आयपीस काढून नळीतून खाली बघितलं की ऑब्जेक्टिव्हच्या मागे उजेडाची गोल चकती दिसते. ती काठापर्यंत सारखी भरेतो मी वॉशर घालत-काढत बसले. एलईडीवरचा पिवळा चौकोन दृश्यात उमटू नये म्हणून वर दुधी काच आहे. दिव्याची छबी स्लाइडवर पडण्याचं हे दुखणं जुनंच. जर्मनीत कोहलर नावाच्या शास्त्रज्ञाने 1893 मध्ये त्यावर कायमचा तोडगा काढला. पण त्याला पायथ्यात वेगळा डायफ्रॅम लागतो, तो आपल्या मॉडेलला नाही.

एलईडी तापत नाही म्हणतात ते अर्धंच खरं. तोही तापतो, फक्त मागच्या बाजूने. म्हणून खाली अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा आहे, तो कोमट लागला तर घाबरू नका. स्लाइडकडे मात्र हॅलोजनसारखी धग जात नाही. तुमच्या विहिरीच्या पाण्यातले रोटिफर (ते सूक्ष्म जीव) आता कव्हरस्लिपखाली लवकर शिजायचे नाहीत.

आई, तू लेशमन (रक्तपेशी रंगवायचा रंग) केलेल्या जुन्या स्लाइडचा डबा मी मागवला होता तो याचसाठी. पांढरा एलईडी म्हणजे मुळात निळा एलईडी, वर पिवळ्या फॉस्फरचा थर. स्वस्तातल्यात लाल रंग मार खातो आणि इओसिनोफिलचे (एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशीचे) दाणे विटकरी, मळकट दिसतात. मी आणलेल्या दोन एलईडींपैकी एक त्यावरच नापास झाला. दुसऱ्याखाली तोच इओसिनोफिल आणला: केंद्रकाचे दोन जांभळे तुकडे आणि भोवती गच्च भरलेले नारिंगी दाणे, एकेक मोजावा असे. इतक्या वर्षांनी! स्टेन थोडा उतरलाय, पण स्मिअरची (काचेवर पसरलेल्या रक्ताच्या थराची) शेपटी काय पातळ ओढलीयस तू. लॅबवर नाव बाबांचं होतं, पण स्लाइड तुझ्या हातच्या होत्या, हे एकदा लेखी असू दे.

बाबा, तुमच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू निघालाय, डाव्याचा व्हायचाय. पिकलेली लेन्स निळा उजेड अडवते, त्यामुळे दोन डोळ्यांना दोन वेगळे पांढरे दिसतील. तो दिव्याचा दोष नव्हे. म्हणूनच फार थंड पांढरा न घेता 4000 केल्विनचा घेतलाय. "एलईडी म्हणजे गणपतीची रोषणाई" म्हणालात, म्हणून हेही सांगते: क्षयाच्या फ्लुरोसन्स तपासणीत (जंतू चमकवून बघतात त्या) मर्क्युरी दिव्याच्या जागी एलईडी वापरा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची 2011 पासूनची शिफारस आहे.

आता वापराचं. मोबाइलचा चार्जर लावायचा, वायर पायथ्यातून बाहेर आणलीय. आत आता 230 व्होल्ट येतच नाहीत. लाइट गेली तर पॉवर बँक जोडा. उजेड नॉबने करंट बदलून कमी-जास्त होतो, लुकलुकत नाही, त्यामुळे आयपीसला मोबाइल लावून काढलेल्या फोटोंत काळे पट्टे यायचे नाहीत. सुरुवात नॉब अगदी खाली ठेवून करा. 4 आणि 10ला हा दिवा डोळ्यांवर येतो. तेव्हा नॉब कमी करायचा, कंडेन्सर खाली ओढायचा नाही. (ही सवय तुमचीच आहे, नाही म्हणू नका.)

काम झालं की झाकण घाला आणि सिलिका जेलची पुडी महिन्यातून एकदा तव्यावर भाजून घ्या. आपल्या कोकणातल्या दमट हवेत लेन्सला बुरशी धरली तर माझ्याने काही व्हायचं नाही.

दादाला खोका मागच्या सीटवर उभाच ठेवायला सांगितलाय. परतताना त्याच्याबरोबर कोकम आगळ पाठवा, बाटलीचं बूच मेणाने बंद करून. गेल्या वेळी त्याची डिकी लाल झाली होती.

तुमची,
धाकटी