स्क्रूला हात लावण्याआधी

मिरज
१४ जुलै

प्रिय सुध्या,

सप्रेम नमस्कार.

काल तुझा फोन ठेवला आणि झोपच लागेना. अप्पांची जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी भंगारात घालू का, असं तू विचारलंस, आणि त्या क्षणी मला फोनवर धड बोलता आलं नाही. त्या गाडीच्या पुढच्या अखंड सीटवर आपण दोघं आणि अप्पा असे तिघं बसून जोतिबाला जायचो. स्टिअरिंगजवळचा गिअर टाकताना अप्पांचा हात माझ्या गुडघ्यावरून जायचा. ती गाडी पेट्रोल वाहतंय आणि स्लो धरत नाही, म्हणजे पाय काढला की चालू राहत नाही, एवढ्या कारणासाठी जाऊ देऊ नकोस. म्हणून हे सविस्तर लिहितोय. पत्र गॅरेजमध्ये सोबत ने.

तू सांगितलेली लक्षणं मी रात्रीच कागदावर मांडली. सिग्नलला पाय काढला की गाडी थरथरते, भुकभुकते आणि बंद पडते. गरम असताना लवकर उठत नाही. मागून काळा धूर, केबिनमध्ये पेट्रोलचा वास, चारही प्लग काजळीने कोरडे काळे. चारही सारखेच काळे आहेत हे तू पाहिलंस ते फार बरं केलंस. एकच काळा असता तर मी त्या सिलिंडरचा प्लग, वायर आणि व्हॉल्व्ह बघायला सांगितलं असतं. चारही म्हणजे दुखणं सगळ्यांच्या वाटेवर आहे. पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा कार्बोरेटरच ओव्हरफ्लो होतोय.

आता तुझा मेकॅनिक काय करतोय? दर खेपेला मिक्श्चरचा स्क्रू फिरवतोय आणि रेस वाढवून देतोय. दोन दिवस गाडी बरी वाटते, पुन्हा तेच. सुध्या, तो स्क्रू फक्त स्लो रनिंगच्या वाटेचं पेट्रोल कमी-जास्त करतो. फ्लोटच्या, म्हणजे पेट्रोलवर तरंगणाऱ्या डबीच्या, वाटीत पातळीच वर चढलेली असेल, तर पेट्रोल मुख्य नळीतून आपोआप कार्बोरेटरच्या गळ्यात सांडतं. तिथे स्क्रूचं काहीच चालत नाही. नळ गळत असताना बादली हलवण्यासारखं आहे ते.

खात्री करून घ्यायची एक पद्धत आहे. इंजिन गरम करून स्लोवर ठेव. टाकीतलं पेट्रोल ओढणाऱ्या पंपाकडून कार्बोरेटरला जाणारी रबरी पाइप फडक्यात धरून पकडीने हलकेच दाब. वाटीतलं पेट्रोल उतरायला लागेल. मध्येच काही क्षण इंजिन एकदम गोड, एकसारखं चालायला लागलं आणि मग तहानेने बंद पडलं, तर समज की पातळी जास्त होती. ते काही क्षण ऐकण्यासारखे असतात. तीच गाडी, तेच जेट, तेच प्लग, आणि आवाज अप्पांच्या वेळचा.

माझ्या गाडीला हे कळायला चार महिने लागले. एका गॅरेजमध्ये कार्बोरेटरचं किट बदललं होतं. नवी निडल, म्हणजे फ्लोट वर आला की पेट्रोल अडवणारी सुई, नवी पॅकिंग, सगळं नवं. तिथून पुढे लिटरला बारा देणारी गाडी आठवर आली. शेवटी एका रविवारी मी स्वतः वरचं झाकण उघडलं. आपल्या सोलेक्समध्ये, म्हणजे आपल्या गाड्यांच्या कार्बोरेटरमध्ये, निडल व्हॉल्व्ह झाकणात आट्यांवर बसतो आणि त्याखाली एक वायसर (वॉशर) असतो. त्या वायसरच्या जाडीवर वाटीतली पातळी ठरते. वायसर जाड असला की निडल खाली येते, फ्लोट लवकर टेकतो आणि पेट्रोल कमी पातळीला थांबतं. पातळ असला की पातळी चढते. किट घालणाऱ्याने मूळ वायसर फेकून कुठलातरी पातळ घातला होता. फरक नखाएवढाही नव्हता, पण सगळं दुखणं तेवढंच होतं. पूर्वीच्या जाडीचा वायसर घातला आणि त्याच संध्याकाळी गाडी स्लोवर उभी राहिली. मी बराच वेळ बॉनेट उघडं ठेवून तिच्याजवळ उभा होतो.

म्हणून झाकण उघडलंस की आधी तो वायसर बघ. मग निडल. तिच्या टोकाला झिजून कडं पडलं असेल तर ती नीट बसत नाही. कचऱ्याचा एक कण अडकला तरी तेच. तुझ्या गाडीच्या बाबतीत मला कचऱ्याचीच जास्त शंका आहे, कारण ती तीन वर्षं उभी होती आणि आता तू पेट्रोलपंपावरचं २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल भरतोयस. इथेनॉल टाकीतला वर्षानुवर्षांचा चिकट थर सोडवतं, आणि ती घाण थेट निडलवर येऊन बसते. जुन्या रबरालाही ते फुगवतं, भेगा पाडतं. हवेतलं पाणीही ओढतं, आणि तुमच्याकडचा पाऊस तुला माहीत आहेच. टाकी उतरवून धुऊन घे, पाइपा इथेनॉल सोसणाऱ्या घाल, पंपाच्या आधी फिल्टर लाव. ते न करता नुसती निडल बदललीस तर पंधरा दिवसांत पुन्हा तिथेच येशील.

फ्लोट पितळी असेल तर कानाशी धरून हलव. आत पेट्रोल खळखळलं तर त्याला भोक आहे. गरम पाण्यात बुडव, बुडबुडे कुठून येतात ते दिसेल. पाणी चुलीपासून लांब नेऊन हे कर. आणि पंप बदलला होतास ना? पंप आणि इंजिन यांच्यामध्ये जाड फायबरचा ठोकळा असतो. तो गाळला किंवा पातळ घातला की पंपाचा दांडा जास्त हलतो, दाब वाढतो आणि चांगली निडलसुद्धा ढकलली जाते.

चोकचा खटका आत ढकलल्यावर कार्बोरेटरजवळची त्याची दांडीही पूर्ण मागे येते का, हे मात्र झाकण उघडण्याआधीच बघ. केबल गंजून अर्ध्यात अडकली असेल तर हे सगळं लिहिणं वाया गेलं आणि मला आनंदच होईल.

पातळी जमल्यावरही स्लो खडबडीत राहिला तर गाडी हवा घेत असेल. कार्बोरेटरच्या बुडाची पॅकिंग तपास. दोन्ही नट जोरजोरात आवळून त्याचं बूड वाकलेलं मी कितीतरी गाड्यांत पाहिलंय. चालू इंजिनवर बुडाच्या सांध्याभोवती साबणाचं पाणी शिंपड. आवाज बदलला तर हवा तिथूनच. ठिणगीचे पॉइंट आणि टायमिंगही त्याच दिवशी बघून घे. मगच, अगदी शेवटी, मिक्श्चरचा स्क्रू. हलक्या हाताने पूर्ण बंद, तिथून दीड फेरा बाहेर, आणि गरम इंजिनवर कानाने जुळवायचं. जोराने आवळू नकोस, टोकाला खाच पडली की तो स्क्रू कायमचा गेला.

आणि हे मी तुला विनवून सांगतो. यातलं काही करण्याआधी ऑइलची काठी काढून हुंग. पेट्रोलचा वास आला किंवा ऑइल पाण्यासारखं पातळ झालेलं दिसलं, तर गाडी सुरूसुद्धा करू नकोस. ओव्हरफ्लो झालेलं पेट्रोल सिलिंडरच्या कडेने खाली ऑइलमध्ये उतरतं आणि बेअरिंगं खातं. पंपाचा पडदा फाटला तरी ते तिथेच जातं. तसं असेल तर आधी दुरुस्ती, मग ऑइल बदल, मगच स्टार्टर. झाकण उघडून काम करताना बॅटरीची वायर सोडलेली आणि आग विझवायचा सिलिंडर हाताशी असू दे. वहिनींना तिथे उदबत्ती घेऊन येऊ देऊ नकोस.

दुसऱ्या गाडीचा कार्बोरेटर बसवा, असं तो मेकॅनिक म्हणतोय त्याला तूर्त नाही म्हण. आपला सोलेक्स साधा आहे, उघडतो, धुतला जातो, पुन्हा बसतो. कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी १९६४ पासून तीसहून जास्त वर्षं बनत होती आणि मुंबईत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर बंद झाल्या. टॅक्सीवाल्यांनी वर्षानुवर्षं तिला रात्रंदिवस पळवली. भाग अजून मिळतात. पुण्यात मी दोन दुकानं पाहून ठेवली आहेत.

पुढच्या रविवारी सकाळच्या एसटीने येतो. माझ्याकडे वेगवेगळ्या जाडीचे सात वायसर आहेत, ते आणि जाडी मोजायचा व्हर्नियर घेऊन येईन. तोवर झाकण उघडलंस तर त्यातला जुना वायसर फेकू नकोस, कागदात गुंडाळून ठेव. आपल्याला तो मोजायचा आहे.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
विन्या